पालुपीचा पोर्टफोलिओ

इंग्रजी बोलण्याच्या सरावात पालुपी दर वेळी पेशंट व्हायची आणि मैत्रिणीला, वेनिंगला नर्स करायची. "तुला जास्त गरज आहे गं." वेनिंग अडखळून रडायला लागली की पालुपी मोबाइल बंद करत लगेच म्हणायची, "हे रेकॉर्डिंग पुसून टाकते हं."

सेमारांग शहरातल्या त्यांच्या नर्सिंग कॉलेजात वर्षाअखेरीस प्रत्येकीचा वर्षभराच्या कामाचा डिजिटल पोर्टफोलिओ पडद्यावर दाखवत. पालुपीचा लागला आणि वेनिंगला स्वतःचंच रडणं ऐकू आलं. वर लिहिलं होतं, 'एका कच्च्या मुलीला मी बोलतं केलं.'

वर्ग आधी हसला, मग टाळ्या पडल्या.

"वेनिंग, आभार मान तिचे. इंग्रजीत!" बाई कौतुकानं म्हणाल्या.

वेनिंग उठली. पालुपीनं मोबाइल आधीच तिच्यावर रोखला होता.

"बोल ना गं. एवढं एकच रेकॉर्डिंग राहिलंय."