खिडकीजवळची जागा

२००६च्या मार्चमध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या दोन आज्या सिडनी बघायला निघाल्या. संघमित्राताईंचा भाचा तिथं होता आणि सोबतीला शैलजाताईच हव्यात म्हणून त्या हटून बसल्या होत्या. शैलजाताईंच्या मुलानं, निमिषनं, तिकीट काढून दिलं, तरी चार दिवस नातवाला, ईशानला, कोण बघणार ही काळजी त्या विमानातही करत होत्या. पोचल्यावर दुसऱ्या सकाळी दोघी बंदरातल्या फेरीबोटीत चढल्या. संघमित्राताईंनी खिडकीजवळची जागा धरली आणि म्हणाल्या, "इथं बसा." "नको हो, तुम्ही बसा. मला कडेची चालते." शैलजाताईंना ते सवयीचं होतं, खिडकी आधी भावांची असायची, मग नवऱ्याची, मग मुलाची, आता नातवाची. "चालते हे माहितेय मला," संघमित्राताई म्हणाल्या. "आवडते कुठली?" असं शैलजाताईंना कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या आत सरकल्या. बोट निघाली. उघड्या काचेतून वारा आला, अंबाडा सुटला, चेहऱ्यावर खारे तुषार आले, शिडांसारख्या छपरांची ऑपेरा हाउसची पांढरी इमारत अगदी जवळून गेली. शैलजाताईंनी पदरही सावरला नाही. तेवढ्यात भाच्यानं दिलेला मोबाइल वाजला. "आई, ईशानचं स्वेटर सापडत नाहीये," निमिष म्हणाला. "तू बोअर नाही ना होत?" "कपाटात बघ रे. मी आत्ता बाहेर बघतेय," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन मैत्रिणीच्या हातात दिला, चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.