भुजंगरावांची मान

शर्यत सुटण्याआधी आयोजक भुजंगराव शिंत्र्यांनी वैजूचा सीटबेल्ट पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं ओढून पाहिला.

“काका, श्वास तरी घेऊ द्या की!”

“सावकाश जा गं, माझी बाय. शर्यत काय, पुढच्या वर्षीही असते.”

ही माया अगदी नवी होती. आजवर भुजंगरावांच्या ट्रॅकवर सुरक्षा म्हणजे गाडीपुढं फोडलेला एक नारळ. मग कायदा आला: गाडी आदळली की ड्रायव्हरला बसणारा मार यंत्रानं वळवून आयोजकाच्या अंगात सोडायचा. भुजंगरावांच्या गळ्यात त्या यंत्राचा पट्टा पडला आणि त्यांनी घरातल्या गाद्यासुद्धा आणून भिंतींना बांधल्या. फक्त जुन्या सवयीनं त्या सगळ्या पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर बांधल्या. मागच्या वळणाकडं कोण बघतंय?

मागच्याच वळणावर एका गाडीनं वैजूला घासलं आणि तिची गाडी उघड्या भिंतीवर धाडकन आदळली. इकडं खुर्चीत बसलेले भुजंगराव “आई गं!” करत प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर कोसळले.

वैजू हेल्मेट काखेत मारून चालत आली.

“कुठं लागलं, काका?”

“मान! मान गेली गं माझी!”

“गेल्या साली त्याच वळणावर माझी गेली होती. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

भुजंगरावांना मान हलवता येईना.

“म्हणालात, नाटकं करू नकोस.” वैजूनं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. “शेक घ्या, काका. पुढच्या फेरीला दुसरी गाडी घेते.”