मोहोरबंद पाकीट

कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या दवाखान्यात ओफेलिया ताठ बसली होती. विसराळूपणाच्या रोगाने तिची आई गेली, दोन भाऊ गेले, आता तिची पाळी आली होती. आपल्या पोरींच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून ती नव्या औषधाच्या चाचणीत स्वतःहून शिरली होती. आजार पुढे सरकलेला दिसला, की चाचणीतून तिचं नाव कापलं जाणार होतं.

डॉक्टर लुस मारिनाने मोहोरबंद पाकीट टेबलावर ठेवलं. "यातले दहा शब्द मी वाचते. मग आठवून सांगा हं, ओफेलियाबाई."

"घोडा, सुई, शिडी, पाऊस..." ओफेलियाने सुरुवात केली.

"अहो, अजून वाचले कुठे?"

ओफेलिया थांबली नाही. दहाही बोलली.

डॉक्टरने पाकीट फाडलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "कुणी सांगितले तुम्हाला?"

"तूच की गं, पोरी! अजून थोड्या वेळाने सांगितलेस." ओफेलियाने खुर्चीचे हात घट्ट धरले. "आणि मग म्हणालीस, उद्यापासून येऊ नका. तेही आठवतंय मला. माझ्या आईलाही असंच पुढचं आठवायचं, तिला वेडी म्हणून हाकललंत तुम्ही लोकांनी. मी उठणार नाही, काय करायचं ते कर."

'उद्यापासून' म्हणायला डॉक्टरचं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.