पाच टोपणं

जाफराबादजवळच्या एका शाळेत नरहर सरांनी सातवीला प्रमाण थेट पाण्याच्या टाकीवर शिकवलं. शंभर लिटरला जंतुनाशक एक टोपण, तर पाचशे लिटरला किती?

"पाच!" सगळा वर्ग ओरडला. आकांक्षानं पाच टोपणं मोजून टाकीत ओतली. मधल्या सुट्टीत उन्हातून आलेली पोरं नळाला लागली. सरांनीही दोन ग्लास घेतले आणि आकांक्षाची पाठ थोपटली.

"एक थेंब इकडंतिकडं न्हाई! पण काय गं, या बाटलीचं टोपण तर कधीच हरवल्तं. तू कशानं मापलंस?"

 

"घरून आणलं, सर. पप्पांनी सकाळी त्यानंच कपाशीच्या फवारणीचं औषध मापल्तं. माप बिलकुल बराबर येतं."