उस्तादांच्या बुटाची लेस

"या वर्षी घड्याळ माझ्या हातात नाही, उस्ताद," साहेब म्हणाला. "वरच्या ऑफिसातून बाई येणार आहेत."

"येऊ देत की. चहा पाजू त्यांना," उस्ताद म्हणाले आणि बूट पुसत राहिले.

फायर स्टेशनचा हा साहेब भरती झाला तेव्हा इतका बारीक होता, की उस्तादांनी त्याचं नाव काडी ठेवलं. शिडीवर चढला की पाय लटपटायचे बेट्याचे. ती भीती उस्तादांनीच घालवली, कधी खडसावून, कधी पाठीवर हात ठेवून. आता काडीचं पोट सुटलं होतं आणि उस्तादांना पास करायचं की नापास, हे एरवी त्याच्यावर असायचं. भोग म्हणायचे, दुसरं काय.

परीक्षा दर वर्षीचीच. पाण्याच्या पाइपची गुंडाळी खांद्यावर टाकायची आणि सरावाच्या मनोऱ्याचे जिने ठरलेल्या वेळात चढायचे. नापास झाला, की माणूस बंबावरून उतरला आणि फोनच्या टेबलाशी बसला.

गेली काही वर्षं उस्तादांच्या बुटाची लेस नेमकी अर्ध्या जिन्यात सुटायची. ते खाली बसून ती निवांत बांधायचे. दम लागलाय म्हाताऱ्याला, पण कबूल करेल तर शपथ. खाली उभ्या साहेबाचा जीव तुटायचा. मग उस्ताद वर पोचायच्या आतच त्याचा अंगठा घड्याळावर पडायचा आणि वेळ तिथंच थांबायची.

"रोज जरा चढून बघा ना," तो आता अजिजीनं म्हणाला. "तुमच्याशिवाय बंब बाहेर पडलेला मला बघवणार नाही."

"बघू," उस्ताद म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी लेस सुटलीच. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

उस्ताद कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले होते. साहेब त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"उद्यापासून फोनवर," तो कसाबसा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "या वेळी माझा काही इलाज चालला नाही, उस्ताद."

उस्तादांनी बूट काढले. दोन्ही गुडघे सावकाश चोळले. मग त्यांनी काडीकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं तो इलाज तू करत होतास होय रे? हलकं काम मागायला जीभ रेटेना, म्हणून दर वर्षी भर जिन्यात बसून लेस सोडतोय मी, आणि तुझं ते भिकार घड्याळ मला पासच करत सुटलंय."