उद्यापनाआधीची गोळी

२००३ सालचा कार्तिक. सोळा सोमवारांचं उद्यापन आठवड्यावर आलं होतं आणि स्वप्नालीची पाळी काही येत नव्हती.

उल्हासनगरात कॅम्प तीनच्या बाजारात, चंदरच्या औषधाच्या दुकानासमोर ती सासूच्या, कौसाबाईंच्या मागे उभी होती. अंबरनाथला घराशेजारीच दुकान होतं, पण तिथला दुकानदार डॉक्टरची चिठ्ठी मागे. चंदर मागत नसे. गुडघ्याची, झोपेची, पित्ताची, कौसाबाईंची प्रत्येक गोळी चंदरकडची. त्यांच्या आईच्या फडताळात ओवा आणि सुंठ असे. त्यांच्या फडताळात पत्र्याचा डबा होता, आणि सगळी चाळ त्या डब्यातून बरी व्हायची.

लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही, म्हणून श्रावणात कौसाबाईंनी सुनेला व्रत धरायला लावलं. यंदा पाळणा हलला नाही तर शशिकांतला दुसरी करू, असं तिच्या माहेरी कळवूनही टाकलं. दर सोमवारी शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, तेव्हा मध्ये विटाळ नको. तारीख सोमवारच्या आसपास आली की चंदरची गोळी सुरू, पाळी पुढे. असं करता करता महिन्यांचं गणितच मोडलं. आता गोळ्या बंद करूनही पाळी येईना. ऐन उद्यापनात आली तर काय करायचं? आमंत्रणं गेली होती, चुरम्यासाठी गहू दळून झाले होते.

चंदरने दोन पाकिटं समोर ठेवली. "मावशी, ये वाली पुढे ढकलते, ये वाली आणते. बोला, कुठली देऊ?"

"आणायची दे. सोमवारच्या आत आटपलं पाहिजे."

स्वप्नाली हळूच म्हणाली, "आई, दिवस तर गेले नसतील? एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

कौसाबाई हसल्या. "तीन वर्षं गेले नाहीत, ते आता उद्यापनाचा मुहूर्त बघून गेले होय? गोळीनं अडलंय, गोळीनंच सुटेल."

चंदरही हसला. स्वप्नालीने मान खाली घातली.

घरी येऊन तिने त्यांच्यादेखत गोळ्या गिळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगावरून जाऊ लागलं. कौसाबाई आधी खूश झाल्या. मग ते थांबेचना. शशिकांत कामावरून आला तो तसाच रिक्षा बोलवायला धावला. बदलापूरला एका बाईंच्या दवाखान्यात भूल देऊन पिशवी साफ करावी लागली. स्वप्नालीला जाग आली तेव्हा पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई कौसाबाईंना चिडून काहीतरी सांगत होत्या. शब्द लागत नव्हते. कौसाबाई बाहेर आल्या, भिंतीला टेकून पाणी प्यायल्या. मग मुलाकडे बघून, पण सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हिची पिशवीच नासकी आहे. मूल धरणार नाही म्हणतात."

उद्यापन राहिलं. स्वप्नाली बरी झाली तशी माहेरी वांगणीला गेली, ती कायमची. काडीमोड झाल्यावर शशिकांतने सोनियाशी लग्न केलं आणि कौसाबाईंना नातू झाला. चंदरने शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवलं. स्वप्नाली कॅम्प तीनमध्येच जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. नेरळच्या एका बिजवराचं स्थळ चालून आलं होतं, माणूस भला होता. तिनेच नको म्हटलं. आपल्यात खोट आहे, दुसऱ्याचं घर कशाला बुडवायचं, म्हणाली.

२००८च्या श्रावणात ती शिवमंदिराच्या रांगेत उभी होती. पुढे मूल कडेवर घेतलेली सोनिया. स्वप्नाली तिला चेहऱ्याने ओळखत होती, सोनिया तिला ओळखत नव्हती. रांग हलेना, तशी सोनिया आपणहून बोलायला लागली. हा सोळा सोमवारांचाच, म्हणून तिने पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

स्वप्नालीने विचारलं, मध्ये अडचण आली की गोळ्या घ्यायचात का?

"छे हो ताई. सासूबाई गोळीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, अडचण आली तर तो सोमवार सोडून दे, देव काही रागावत नाही. आमच्या घरातलं एक पोर गोळीनं पोटातच गेलंय."