अबोली कीबोर्ड

दुकानात केतकीने एकेक स्विच कानाशी धरून दाबून पाहिला आणि आपल्या नव्या कीबोर्डच्या बटणांखाली बसवायला सगळ्यात मुका तो निवडला. ती घरूनच काम करायची आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई दुपारच्या आडव्या व्हायच्या. वरची बटणं मात्र तिने हौसेने अबोली रंगाची घेतली. "जोडून झाला की मी घेऊन येतो," नवरा म्हणाला, तेव्हा ती मनातून सुखावली.

वाढदिवसाच्या दुपारी तिने खोका उघडला. बटणं अबोलीच होती, पण पहिल्याच शब्दाला नुसता खडखडाट!

"अरे, दुकानदाराने भलतेच स्विच बसवलेत. आईंची झोप मोडेल!"

"भलते नाहीत. मीच बदलून घेतले," तो शांतपणे म्हणाला. "दार लावून तू काम करतेस की माहेरी फोन लावून बसतेस, आईला बाहेर काही कळायचं नाही. आता कळेल."

केतकीचे हात थांबले.

"का गं, थांबलीस?" पलीकडून लगेच सासूबाईंचा आवाज आला.

तिने एका हाताने डोळे पुसले. दुसऱ्या हाताने ती नुसतंच एक बटण बडवत राहिली.